मशीन डिझायनर व्हायचंय : आधी उद्यमबाग की आधी पुणे?

मार्कंडेयकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण आपल्या भागातल्या पुष्कळ मुलामुलींना पडणारा आहे म्हणून धागा काढतोय.

माझी भाची यंदा व्हीटीयूतून, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठातून, मेकॅनिकल इंजिनिअर होतेय. आयटी नको, मशीन डिझाइनच करायचं हे तिचं पक्कं आहे. दोन नोकऱ्या समोर आहेत. एक पुण्यातल्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस कंपनीत. परदेशी ग्राहकांच्या मशिनांची मॉडेलं आणि ड्रॉइंगं करायची, पगार चांगला. दुसरी इथेच बेळगावात, उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत, एसपीएम, म्हणजे एकाच ठरावीक कामासाठी खास मशिनं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात. पगार जवळपास निम्मा. घरात सगळे पुणे म्हणतायत. माझं मत उद्यमबाग.

कारण सांगतो. माझी सगळी नोकरी डिझाइनमध्येच गेली, आधी हायड्रॉलिक प्रेस, मग एसपीएम. मशीन कसं होणार हे कॉम्प्युटर उघडण्याआधीच बरंचसं ठरतं. गिऱ्हाईक म्हणतं, या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, सहा भोकं पाडायचं मशीन द्या. नवा मुलगा लगेच सहा स्पिंडलांचं, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या सहा दांड्यांचं, मॉडेल काढायला बसतो. मी त्याला आधी वहीत हिशेब करायला लावतो. पाळी आठ तासांची, चहा-जेवण वजा जाता ४२० मिनिटं. पाळीला ४०० जॉब, म्हणजे तयार नग, हवेत. खरा चालता वेळ ८५ टक्के धरला तर एका जॉबला साडेत्रेपन्न सेकंद मिळतात. त्यातले पंधरा जॉब चढवण्या-उतरवण्यात जातात, चार-पाच क्लॅम्प करण्यात. उरलेल्या तेहतीस-चौतीस सेकंदांत दोन स्पिंडल आणि फिरतं टेबल पुरत असेल तर सहा स्पिंडल कशाला? गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि बिघडायला चार वस्तू कमी होतात.

मग पुढचे प्रश्न. जॉब टेकवायचा कुठे? तीन टेकू खाली, दोन बाजूला, एक टोकाला, हे कॉलेजात शिकवतात. पण कच्च्या कास्टिंगचा कुठला भाग भरवशाचा आणि कुठल्या भागावर पार्टिंग लाइनचा, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात तिथला, उंचवटा येतो हे फाउंड्रीत जाऊन कास्टिंग हातात घेतल्याशिवाय कळत नाही. धातूचा किस कुठे पडणार, कूलंट कुठे वाहणार, ऑपरेटरला दर वेळी वाकावं लागणार का? असले प्रश्न ज्या टेबलावर रोज विचारले जातात, तिथे पहिली वर्षं काढावीत असं मला मनापासून वाटतं.

या कामात असलेल्यांनी, आणि ज्यांना अशी मशिनं वापरावी लागतात त्यांनीही, मोकळेपणाने लिहा.

तिसरं_गेट
उद्यमबाग. फक्त ती दिवसभर ऑफिसात बसणार की शॉपवरही जाणार हे आधी विचारून घ्या. छोट्या कारखान्यातही डिझाइनवाल्याला कॅडसमोर बसवून ठेवणारे मालक आहेत.

हिंडलग्याचा_चाकणकर
दादा, आदर ठेवून असहमत.

मी बेळगावचाच, सध्या चाकणला. आधी बेळगावातल्या एका छोट्या कारखान्यात होतो, नाव घेत नाही. तिथे ड्रॉइंग म्हणजे निम्मं कागदावर आणि निम्मं तोंडी. बोअरचा, म्हणजे आतल्या गोल भोकाचा, साइज बदलला, डिझायनरने फोनवर सांगितलं, एका व्हेंडरने ऐकलं, दुसऱ्याकडे जुनी प्रिंट होती. असेंब्लीच्या दिवशी शाफ्ट एका मापाचा आणि हाउसिंग दुसऱ्या. दोघांचंही चुकलं नव्हतं, कारण रिव्हिजन नंबर टाकायची पद्धतच नव्हती.

मोठ्या ठिकाणी पहिल्या महिन्यापासून शिस्त लागते. ड्रॉइंग दुसरा माणूस तपासतो, सही करतो, मगच ते बाहेर जातं. बदल केला तर का केला याची नोंद राहते. जिओमेट्रिक टॉलरन्स, म्हणजे आकारात किती फरक चालेल ते, नीट शिकवतात. २५ मिलिमीटरच्या भोकाला एच७ हा मापातल्या फरकाचा कोड लिहिला म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, आणि शाफ्टला जी६ म्हणजे उणे ७ ते उणे २०. म्हणजे सगळ्यात घट्ट जोडीतही ७ मायक्रॉन मोकळीक आणि सगळ्यात सैल जोडीत ४१. हे टेबलात बघून कुणीही लिहील. पण इथे जी६ हवा की एच६ हे का ठरवायचं यावर तासभर बोलणारा वरिष्ठ मला पुण्यात मिळाला.

आणि अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं, आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे बाजूची दृश्यं कागदावर उलट बाजूंना येतात. ते चिन्ह न बघता काम घेतलेल्या एका शॉपने ब्रॅकेटची अख्खी बॅच उलट्या हाताची केलेली मी पाहिलीय. तीन-चार वर्षं शिस्त शिकून मग बेळगावला परत या, मी म्हणेन.

कंग्राळीचा_पॅटर्नवाला
नमस्कार साहेब. मी पॅटर्न करतो, म्हणजे ज्याच्यावरनं मातीचा साचा करतात ते नमुने, लाकडाचे आणि अॅल्युमिनियमचे. वडिलांच्या हाताखाली शिकलो. इथं लिहू का नको असं झालं होतं, पण कास्टिंगचा विषय निघाला म्हणून लिहायलोय.

ओतीव लोखंड थंड होताना आटतंय. ग्रे आयर्नला मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर. म्हणून आमची पट्टीच तेवढी मोठी असते. स्टीलला आणि दुप्पट. त्याच्यावर मशीनिंगचा अलाउन्स, त्याच्यावर पॅटर्न मातीतून निघायला टेपर. ही गणितं आम्ही करतो, त्याचं काही नाही. पण हल्ली जी ड्रॉइंगं येतात त्यात सहा मिलिमीटरची भिंत आणि तिला चिकटून चाळीसचा भरीव बॉस, म्हणजे जाड गोल उंचवटा, असतो. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी. शेवटी गोठणाऱ्याला आटायला लोखंड लागतं, ते मिळत नाही, आत पोकळी राहते. ती मशीनिंगला बोअर मारल्यावर दिसते. मग फाउंड्रीवाल्याला शिव्या. खरं तर ती पोकळी कागदावरच काढलेली असते की ओ.

पोरीला सांगा, भिंतीची जाडी शक्य तेवढी एकसारखी ठेव, कोपऱ्यात गोलाई दे, आणि कोअर, म्हणजे पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा मातीचा गाभा, आत धरायला टेकू कुठं आहे ते बघ. कोअर हवेत तरंगत नाही. पॅटर्न करायच्या आधी एकदा येऊन विचारलं तर आम्ही चहा पाजून सांगतो. पैसे घेत नाही.

तिसरं_गेट
@कंग्राळीचा_पॅटर्नवाला, काका, 'पोकळी कागदावरच काढलेली असते' हे आमच्या डिझाइन ऑफिसच्या भिंतीवर लावतो उद्या.

मार्कंडेयकाठ
काका, लिहीत राहा. हेच हवं होतं.

@चाकणकर, रिव्हिजनचं शंभर टक्के मान्य. पण ती शिस्त छोट्या कारखान्यात आणता येते. आम्ही आणली. जुनी प्रिंट परत आल्याशिवाय नवी द्यायची नाही एवढ्या एका नियमावर सुरुवात केली. उलट पुण्याच्या त्या ऑफिसात बसून फाउंड्री आणता येईल का?

शहापूरची
मी बेळगावात हायड्रॉलिक फिक्श्चर, म्हणजे तेलाच्या दाबाने जॉब धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करते, म्हणून थोडं सविस्तर.

आधी कामाचं. ८० बोअरच्या जागी १०० बोअरचा सिलिंडर टाकला की ताकद वाढते एवढं सगळ्यांना माहीत असतं. १०० मिलिमीटर बोअर, २०० बार दाब : क्षेत्रफळ ७८५४ चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण १५७ किलोन्यूटन, जवळपास सोळा टन. परत येताना रॉडचं क्षेत्रफळ वजा होतं, म्हणून ओढायची ताकद कमी. इथपर्यंत पुस्तक. पण उद्यमबागेत वीज जाते. स्पिंडल फिरतोय, कटर जॉबमध्ये आहे आणि पंप बंद पडला, तर क्लॅम्प सुटतो का? सर्किटमध्ये तेल अडवून दाब धरून ठेवणारा पायलट चेक व्हॉल्व्ह नसेल तर दाब हळूहळू उतरतो. हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने विचारला नाही. आमच्या टेस्टिंगच्या फिटरने विचारला, तोही कन्नडमध्ये. मी तेव्हापासून प्रत्येक सर्किट काढून झालं की आधी वीज घालवून बघते, कागदावर.

तेलाची स्वच्छता हाही असाच विषय. व्हॉल्व्ह अडकला की सगळे व्हॉल्व्हला दोष देतात. टाकी वेल्डिंग केल्यावर आतून नीट साफ केली का, परतीच्या लाइनला फिल्टर आहे का, टाकीत तेल भरायचं झाकण सहज उघडं राहतं का, हे डिझायनरचंच काम आहे.

आता दुसरं, जे इथे अजून कुणी लिहिलं नाही. मुलगी आहे. उद्यमबागेतल्या त्या कारखान्यात बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? ट्रायल रात्री आठला संपली तर घरी कशी येणार? गिऱ्हाइकाकडे कमिशनिंगला, म्हणजे मशीन बसवून चालू करून द्यायला, तिला पाठवणार का, की 'तू ड्रॉइंग कर, साइटवर तो जाईल' म्हणणार? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कमिशनिंगला न गेलेला डिझायनर अर्धा राहतो, आणि मुलींना काळजीपोटी तिथूनच वगळतात. पुण्याच्या कंपनीत स्वच्छतागृह आणि गाडी दोन्ही असेल, पण साइट तिथेही नसेल.

हिंडलग्याचा_चाकणकर
@शहापूरची, ताई, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. साइटचं खरं आहे. सर्व्हिसेसवाल्या कंपनीत मशीन जर्मनीत उभं राहतं आणि ते चाललं की नाही हे मॉडेल करणाऱ्याला कधी कळतही नाही.

चंदगडी
काजूचं उदाहरण देतो, कारण आमच्या चंदगड-खानापूर पट्ट्यात मशीन बनवायला खरी जागा तिथे आहे. काजू फोडायचं मशीन करताना मी काय क्रमाने गेलो ते सांगतो. भाचीला उपयोग होईल.

सुरुवात बीपासून. काजूची बी वाकडी, कवच दोन पदरांचं, मध्ये तेल. हे तेल कातडी भाजतं, म्हणून हाताने फोडणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावून बसतात. बी आधी वाफवतात, थंड होऊ देतात, मग चाळून आकाराप्रमाणे वेगळी करतात, मग फोडतात, गर सुकवतात, साल काढतात, प्रतवारी करतात. गर अख्खा निघाला तर एक भाव, तुकडा झाला की भाव घसरला. डब्ल्यू-१८० म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त १८० अख्खे गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३२०. म्हणजे मशीनचं खरं काम फोडणं नाही, अख्खा गर वाचवणं आहे. तासाला किती किलो फोडतं हा आकडा जाहिरातीत मोठा छापतात. मी कारखानदाराला पहिला प्रश्न अख्ख्याचा टक्का किती हवा हा विचारतो.

मग माप. व्हर्निअर घेऊन बसलो आणि बियांची लांबी, रुंदी, जाडी टिपत गेलो. चंदगडची बी, कोकणातली बी, आणि हंगाम संपल्यावर कारखाने जी आफ्रिकेची बी घेतात ती. तिन्हींची जाडी वेगळी, शिवाय एकाच पोत्यातही फरक. म्हणून ठरलं की पात्याची खोली बीच्या मापावर बांधायचीच नाही. पात्याला खांदा, म्हणजे खोली अडवणारी पायरी, दिला आणि पातं स्प्रिंगवर मोकळं ठेवलं. खांदा कवचाला टेकला की पातं ठरावीक खोलीपुढे जाऊच शकत नाही, बी जाड असो की बारीक. आणि तरीही आधी चाळणी हवीच, कारण बी पात्यासमोर नीट उभी राहायला खोबण लागते आणि एकच खोबण सगळ्या बियांना बसत नाही.

तिसरं, तेल. काळं चिकट तेल पात्यावर, गाइडवर, बेअरिंगच्या तोंडाशी साठतं. म्हणून फिरणारे भाग बीच्या वाटेतून बाहेर काढले, पाती हत्याराशिवाय निघतील अशी केली. पाळी संपली की पाती काढून धुवायची. पाना शोधावा लागला तर कुणी धुणार नाही.

चौथं, उंची. काम करणाऱ्या बहुतेक बायका. पुण्या-मुंबईकडून आलेलं मशीन बघा, हॉपर खांद्याच्या वर. त्यात पंचवीस किलोची पिशवी ओतायची. मी खानापूरच्या एका कारखान्यात बायकांनाच उभं करून कोपराची उंची घेतली आणि हॉपर त्याखाली आणला. त्यासाठी बी वर न्यायला छोटा बकेट एलेव्हेटर द्यावा लागला, खर्च वाढला. कारखानदार कुरकुरला, पण मी हटलो नाही. त्या बायका आठ तास तिथे उभ्या असतात.

एवढं झाल्यावर कॉम्प्युटर उघडला.

घटप्रभा
वा! काजूवर वेगळा धागा काढा की ओ. आणि खांद्याची जागा झिजली तर? दिवसभर कवचावर घासणार.

चंदगडी
@घटप्रभा, झिजतेच. म्हणून खांदा पात्यातच कोरला नाही, वेगळा तुकडा आहे, कडक केलेल्या स्टीलचा, दोन स्क्रूंनी बसतो. झिजणारा भाग कुठला हे आपणच ठरवायचं आणि तो स्वस्त ठेवायचा.

निपाणीकर
यावरून लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा जन्म, १८६९ चा. मुंबईला व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायचे. १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ ला लोखंडी नांगर. म्हणजे शिकवणारा माणूस आधी ड्रॉइंगचा, पण यंत्र केलं ते शेतकऱ्याच्या बांधावर काय चालतं ते बघून.

तो नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. आज आपण डिझाइन झालं, ट्रायल झाली की काम संपलं म्हणतो. वापरणाऱ्याच्या मनातली शंका दूर करणं हाही यंत्राचाच भाग आहे हे त्या दोन वर्षांत दिसतं. पुढे बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली आणि १९१० ला औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली.

राकसकोप
म्हणजे बेळगावने तेव्हाच कारखाना घालवला. आणि आज तर सगळा सीमाभागच...

व्यवस्थापक
सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, तिथे लिहावे. इथे मशीन डिझाइनवर बोलू या.

राकसकोप
ठीक. मग विषयावरच बोलतो. किर्लोस्करवाडीचं ओतकाम, कोल्हापूरच्या फाउंड्र्या, बेळगावच्या फाउंड्र्या आणि हायड्रॉलिक्स, इचलकरंजीचे माग, आमच्या वडगाव-खासबागेतले माग, साखर कारखाने : दीड-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात यंत्र बनवणारे आणि वापरणारे दोघंही आहेत. डिझायनरला आणखी काय पाहिजे? सकाळी पॅटर्न बघा, दुपारी मशीनिंग, संध्याकाळी वापरणाऱ्याकडे. पुण्यात हे अंतर पार करायलाच दिवस जातो.

हिरण्यकेशी
मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिझायनर लोकांसाठी एक विनंती, हात जोडून.

गाळप सुरू झालं की मशीन थांबवता येत नाही. ऊस तोडून आलेला, गाड्यांची रांग लागलेली, रस दर तासाला कमी होतोय. अशा वेळी कन्व्हेअरचं बेअरिंग जातं. बेअरिंग बदलायला दीड तास पुरतो, पण तिथपर्यंत पोचायला पाच तास जातात. गार्ड वेल्ड केलेला. कपलिंग काढायला मोटर सरकवावी लागते आणि मोटरच्या मागे भिंत. बेअरिंग ओढून काढायचा पुलर लावायला जागाच नाही. शाफ्टला खांदा ज्या बाजूला हवा त्याच्या उलट बाजूला, म्हणून बेअरिंग काढायला अख्खा शाफ्ट बाहेर.

बॉल बेअरिंगवर भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. बेअरिंग कधीतरी जाणारच आहे. ते रात्री दोन वाजता, हेल्मेटवरच्या दिव्यात, पाठीवर झोपून कोण बदलणार आहे त्याचा विचार करा. मॉडेलमध्ये एकदा पाना फिरवून बघा. माणसाचा हात घालून बघा.

भाचीला पुणे की उद्यमबाग ते मी सांगू शकत नाही. पण एक हंगाम कुठल्या तरी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढायला लावा. आमच्याकडे आली तर मी स्वतः शिकवेन.

शहापूरची
@हिरण्यकेशी, दादा, प्रत्येक डिझाइन रिव्ह्यूला तुमच्यासारखा एक माणूस बसवायला हवा. आम्ही हल्ली सर्व्हिसच्या मुलाला बोलावतो आणि त्याने 'हे निघत नाही' म्हटलं की ड्रॉइंग पुढे जात नाही.

हिंडलग्याचा_चाकणकर
एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. 'हाताला कळतं' यावर सगळं सोडू नका. आपल्याकडे भीती वाटली की जाडी वाढवायची सवय आहे. १६ ची प्लेट टाक, २० ची टाक. प्लेटच्या लोखंडाला पैसे पडतात, आणि वाकण्याचा प्रश्न तिथे नसतोच. आधारापासून बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच भाराला आठपट वाकतं. म्हणजे स्पिंडल हेड चाळीस मिलिमीटर मागे घेतलं तर जेवढा फायदा होतो, तेवढा बेड जाड करून होत नाही. पिळाला ५० च्या जागी ६३ चा शाफ्ट घेतला की ताकद दुप्पट.

उष्णतेचंही तसंच. स्टील अंशाला मीटरमागे ११-१२ मायक्रॉन वाढतं. आपल्याकडची डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार यात २० अंशांचा फरक धरला तर मीटरभर लांबीला जवळपास पाव मिलिमीटर. अॅल्युमिनियमचा भाग स्टीलवर दोन्ही टोकांना डॉवेलने, म्हणजे घट्ट पिनांनी, बांधला की तो वाकणारच, कारण त्याची वाढ जवळपास दुप्पट. हे हाताला कळत नाही, गणिताला कळतं. ज्या ठिकाणी कुणी गणित तपासत नाही तिथे मुलगी फक्त जुनं मशीन बघून नवं काढायला शिकेल. याला मी करिअर म्हणत नाही.

मार्कंडेयकाठ
@चाकणकर, हे मान्य. जुन्या ड्रॉइंगवर नवं नाव टाकणारे भरपूर आहेत इथे. डिझायनरकडे हिशेबाची वही असली पाहिजे आणि ती दुसऱ्याने तपासली पाहिजे.

कंग्राळीचा_पॅटर्नवाला
वहीत गोलाई पण लिहा.

भाची_तीच
नमस्कार. मीच ती. मामाने लिंक पाठवली, सगळं वाचलं. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः शहापूरच्या ताईंचे.

मामाने एक गोष्ट लिहिली नाही. माझ्या शिक्षणाचं कर्ज आहे आणि हप्ते लवकरच सुरू होतील. घरचे पुणे म्हणतात ते वातानुकूलित ऑफिससाठी नाही. निम्म्या पगारात हप्ता जाऊन फार थोडं उरतं. तरी मला उद्यमबागच आवडलंय, कारण मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी मला असेंब्लीत नेऊन अर्धवट उभं मशीन दाखवलं आणि 'यात तुला काय खटकतं?' विचारलं. पुण्याच्या मुलाखतीत सॉफ्टवेअरच्या कमांड विचारल्या.

मला हे सांगा, उद्यमबागेत हो म्हणण्याआधी मालकांशी काय काय बोलून घ्यावं? आणि पगाराचं कसं बोलावं?

शहापूरची
अगं, मग बसून बोल त्यांच्याशी, लाजू नकोस. स्वच्छतागृह आणि उशिरा घरी सोडायची सोय आधी. मग विचार : ड्रॉइंग कोण तपासतं? तू काढलेल्या मशीनच्या ट्रायलला आणि गिऱ्हाइकाकडे तू जाणार का? वर्षात किती नवी मशिनं होतात आणि किती जुन्यांच्या नकला? पगार सुरुवातीला कमी असेल तर कधी आणि कशावर वाढणार, ते पत्रात लिहून घे. पहिलं स्वतंत्र मशीन चाललं की इतकी वाढ, असं ठरवता येतं. मी ठरवलं होतं. मालकाला चांगला डिझायनर टिकवायचा असतो, कारण दोन वर्षं शिकवून माणूस पुण्याला जातो हे त्याचंही दुखणं आहे.

आणि कर्जाचा हप्ता खरोखर झेपत नसेल तर पुण्याला जा, कसलाही कमीपणा वाटून घेऊ नकोस. तिथे शनिवार-रविवारी एखाद्या शॉपमध्ये जाऊन उभी राहा.

तिसरं_गेट
पत्रात एक वर्षाच्या आत सोडायचं नाही, मूळ कागदपत्रं जमा करा, असलं काही असेल तर सही करू नकोस. मूळ मार्कशीट कुणालाच द्यायची नाही.

हिंडलग्याचा_चाकणकर
'यात तुला काय खटकतं' असं विचारणारा मालक असेल तर मी माझं मत बदलतो. जा तिथे. टॉलरन्स आणि गणितात अडलीस तर मला निरोप टाक, रविवारी बोलू. आणि बेंगळुरूला इमटेक्स हे मशीन टूल्सचं प्रदर्शन असतं, कंपनीबरोबर नाही जमलं तरी स्वतःच्या खर्चाने एकदा जा. चालू मशीनसमोर उभं राहून वही भर.

काय खटकलं होतं गं तुला त्या मशीनमध्ये?

भाची_तीच
@चाकणकर, दोन्ही हातांनी दाबायची बटणं होती, सुरक्षेसाठी. पण त्यातलं एक इतकं खाली होतं की ऑपरेटरला प्रत्येक जॉबला वाकावं लागणार. मी म्हटलं, इथे लोक एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतील आणि मोकळा हात डायखाली जाईल. ते काही बोलले नाहीत, फिटरकाकांना बोलावून बटणाची जागा बदलायला सांगितली.

मार्कंडेयकाठ
हे मला घरी सांगितलं नव्हतंस.

हिरण्यकेशी
शाब्बास पोरी.

भाची_तीच
सोमवारी मालकांना भेटायला जातेय, ताईंनी लिहिलेलं सगळं घेऊन. तोवर एक विचारू का पॅटर्नवाल्या काकांना? फायनल इयरच्या प्रोजेक्टला बेअरिंग हाउसिंग केलंय, ग्रे आयर्नचं. भिंत ८, बेअरिंगचा बोअर ६२, त्याच्या बाजूला पाय बसवायचा बॉस ४५ चा भरीव. धागा वाचल्यापासून तो बॉस डोळ्यासमोर आहे. बदलू का?

कंग्राळीचा_पॅटर्नवाला
बदल. बॉस खालून पोकळ कर, भिंत दहा-बारा राहील एवढी. पोकळी खाली उघडी आली तर वेगळा कोअर लागत नाही, पॅटर्नमध्येच निघते, टेपर तेवढा ठेव. बॉस आणि भिंतीच्या मध्ये आठची गोलाई दे आणि पायाला दोन रिब. ६२ चा बोअर ओतून घ्यायचा, व्यासावर सहा मिलिमीटर मशीनिंगला सोडून. पार्टिंग बोअरच्या मधोमध घे. ड्रॉइंग घेऊन ये, कुठं कापायचं ते पॅटर्नवर दाखवतो.

भाची_तीच
रविवारी सकाळी चालेल का, काका?

कंग्राळीचा_पॅटर्नवाला
ये. नऊनंतर ये, त्याआधी मी शेताकडं असतोय.